टोमण्याची पळवाट

राग तर पोहोचवायचा, तो ऐकणाऱ्याला नेमका लागेल अशी काळजीही घ्यायची, आणि तरीही ‘मी रागावलोच नव्हतो’ असे म्हणण्याची सोय स्वतःकडे राखून ठेवायची, हे घराघरांत, कचेऱ्यांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत रोज घडणाऱ्या एका संवादप्रकाराचे सार आहे. टोमणा, खवचट बोलणे, शालजोडीतला आहेर, मुद्दाम धरलेला अबोला, ‘गंमत केली हो’ म्हणून झटकून टाकलेला अपमान ही त्याची ओळखीची रूपे होत. मानसशास्त्रात या वर्तनाला ‘निष्क्रिय आक्रमकता’ असे नाव आहे. विरोध किंवा संताप उघडपणे न मांडता तो टाळाटाळीतून, दिरंगाईतून, मौनातून, दुहेरी अर्थाच्या स्तुतीतून अथवा विनोदाच्या आवरणाखाली व्यक्त करणे, असा त्याचा अर्थ. असे बोलणारी माणसे स्वभावानेच वाकडी असतात, असा सर्वसाधारण समज आहे. या वर्तनाच्या अभ्यासाचा इतिहास मात्र वेगळ्या दिशेने बोट दाखवतो आणि माणसाच्या स्वभावाबरोबरच, किंबहुना त्याच्याही आधी, त्या ठिकाणी स्पष्ट बोलण्याची किंमत किती आहे हे तपासायला सांगतो.

लष्करातून आलेली संज्ञा

ही संज्ञा अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय व्यवहारातून आली. मनोविकारतज्ज्ञ विल्यम मेनिंजर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले मानसिक विकारांच्या वर्गीकरणाचे एक पत्रक अमेरिकेच्या युद्ध खात्याने १९४५ मध्ये प्रसृत केले. हुकूम उघडपणे न मोडता रुसून बसणे, हट्ट धरणे, चालढकल करणे, काम मुद्दाम गचाळ करणे आणि गुपचूप अडवणूक करणे, अशा सैनिकी वर्तनाचे वर्णन या पत्रकात आले होते. सैन्यात वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणे हा शिक्षापात्र गुन्हा असतो; त्यामुळे नकार देण्याची इच्छा दाबून न टाकता आल्यास ती आज्ञापालनाच्याच पोटातून वाट काढते, हे त्यामागचे सरळ कारण होते.

अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेने १९५२ मध्ये मानसिक विकारांची पहिली अधिकृत निदानपुस्तिका काढली, तेव्हा हा वर्तनप्रकार व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हणून तिच्यात दाखल झाला. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने त्याला एक महत्त्वाची अट घातली: ठामपणे आणि परिणामकारकपणे बोलणे शक्य असतानाही जी व्यक्ती आडवाटेनेच विरोध करीत राहते, तिच्याच बाबतीत हे निदान करावे, असे तिने सुचवले. म्हणजे स्पष्ट बोलण्याची वाटच बंद असलेल्या माणसाचे आडून बोलणे हा विकार मानता येणार नाही, हे तज्ज्ञांनी स्वीकारले होते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत या निदानाची रवानगी परिशिष्टात झाली आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतून ते वगळण्यात आले. विकारांच्या यादीतून बाहेर पडलेली ही संज्ञा आज जगभरच्या दैनंदिन बोलण्यात मात्र पक्की रुजली आहे, आणि तिथे पुन्हा ती एखाद्या माणसावर शिक्का मारण्यासाठीच बहुधा वापरली जाते.

न बोललेला अर्थ कसा पोहोचतो

शब्दांत नसलेला अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत कसा जातो, या प्रश्नाचा विचार भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी केला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ हा ग्रंथ रचला. शब्दांचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ आणि त्यातून सूचित होणारा अर्थ तो ध्वनी, असा भेद करून हे दोन अर्थ एकमेकांच्या पूर्ण विरुद्धही असू शकतात हे दाखवण्यासाठी त्याने ‘गाथासप्तशती’तील एका गाथेचा आधार घेतला. सातवाहन राजा हाल याच्या नावाशी जोडलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहातील ती गाथा गोदावरीकाठची आहे. प्रियकराला भेटण्याच्या आपल्या संकेतस्थळी वारंवार फिरकणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला एक स्त्री आदराने सांगते, की तुम्हाला ज्या कुत्र्याची भीती वाटत होती त्याला नदीकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे, तेव्हा आता निर्धास्तपणे फिरावे. शब्दांनी दिलेले आमंत्रण आणि अर्थाने केलेली मनाई अशी तिच्या बोलण्याची रचना आहे. आणि त्या गृहस्थाने जाब विचारलाच, तर तिने केवळ त्याच्या भल्याची बातमी दिली आहे. निंदेच्या रूपाने स्तुती किंवा स्तुतीच्या रूपाने निंदा करणाऱ्या उक्तीला पुढे मम्मटासारख्या आलंकारिकांनी ‘व्याजस्तुती’ या अलंकारात स्थान दिले, आणि ‘काय सुंदर वेळेवर आलात!’ हे उशिरा आलेल्याला ऐकवले जाणारे वाक्य या अलंकाराचेच घरगुती रूप आहे.

आधुनिक काळात ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत याच प्रश्नाची वेगळ्या पद्धतीने मांडणी केली. संभाषण हा सहकार्याचा व्यवहार असल्यामुळे बोलणारा पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि स्पष्ट बोलेल असे ऐकणारा गृहीत धरतो, आणि यांपैकी एखादी अपेक्षा उघडपणे मोडली गेली की त्यामागचा हेतू शोधू लागतो. या शोधातून हाती लागणाऱ्या अर्थाला गर्भितार्थ म्हणता येईल. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात त्याचे इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित येत असे, एवढेच लिहिले असेल, तर तत्त्वज्ञानात त्याला गती नाही हे वाचणाऱ्याला न सांगता कळते, असे उदाहरण ग्राइस यांनी दिले आहे. गर्भितार्थाचा एक विशेष त्यांनी नोंदवला आणि टोमण्याचे सारे सामर्थ्य त्यातच आहे: गर्भितार्थ मागे घेता येतो. ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरे असते, कारण ते शब्द खरोखरच उच्चारलेले नसतात.

मराठी बोलण्यात या पळवाटेसाठी व्याकरणाचीही मदत मिळते. ज्याला एरवी ‘तू’ म्हटले जाते त्याला अचानक ‘आपण’ म्हणून संबोधले, की आदराचे रूपच अनादराचे साधन होते. ‘आपण आलात, आमचे भाग्य!’ यातील प्रत्येक शब्द सभ्य असतो आणि तरीही ऐकणाऱ्याला आपली चूक कळते. ‘तिला म्हणे फार काम असतं’ या वाक्यातील ‘म्हणे’ हा एवढासा शब्द समोरच्याचे म्हणणे जसेच्या तसे पुढे देता देता त्यावर अविश्वासाची मोहोर उमटवतो. ‘आमचं काय बाई, आम्ही जुन्या वळणाची माणसं’ यातील ‘आम्ही’ बोलणाऱ्याला उपेक्षितांच्या बाजूला बसवून समोरच्याला आपोआप दोषी ठरवतो. ‘असू दे, मी करते’ ही मदतीची तयारी भांड्यांच्या आवाजासह आली, की तिची फिर्याद होते. बोलायचे एकाला आणि लागायचे दुसऱ्याला, या तंत्राची नोंद ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीने केलीच आहे. अशा बोलण्यात रोख ज्याच्यावर आहे त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याच्याशी कोणी बोललेलेच नसते.

माणसे हा द्राविडी प्राणायाम का करतात, याचे उत्तर पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी शोधले. मेक्सिकोतील त्सेल्ताल, दक्षिण भारतातील तमिळ आणि इंग्रजी या भाषांमधील संभाषणांचा अभ्यास करून त्यांनी सभ्यतेविषयीचा सिद्धांत १९७८ मध्ये मांडला. बोलणारा किती आडून बोलेल हे ऐकणाऱ्याची सत्ता, दोघांमधील अंतर आणि विषयाचा जडपणा या तीन गोष्टींवर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समोरचा जितका वरचढ, जितका परका आणि विषय जितका नाजूक, तितके बोलणे संदिग्ध होत जाते. आडून बोलणे मुळात वाईट नाही, हेही यातून स्पष्ट होते. ‘आज उकडतंय, नाही?’ असे म्हणून पंखा लावण्याची विनंती करणारा पाहुणा समोरच्याला नकाराची मोकळीक देत असतो. टोमणा हीच रीत उलटी वापरतो आणि मोकळीक फक्त बोलणाऱ्यासाठी राखून ठेवतो.

गंमत कधी गंमत असते

या पळवाटेचे सर्वांत प्रतिष्ठित रूप म्हणजे विनोद. ‘अगं, गंमत केली’, ‘इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं’, ‘तुला विनोदच कळत नाही’ ही वाक्ये अपमानाची जबाबदारी बोलणाऱ्याकडून काढून ऐकणाऱ्याच्या संवेदनशीलतेवर टाकतात. अशा विनोदाने दोन आघात होतात: पहिला मूळ बोलण्याचा आणि दुसरा, तक्रार करणारा हळवा किंवा अरसिक ठरतो याचा.

खरी गंमत आणि तिचे सोंग यांतील फरक समजण्यासाठी ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाचे विवेचन उपयोगी पडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात खेळकरपणे झटापट करणारी माकडे पाहून त्यांनी असा मुद्दा मांडला, की ‘हा खेळ आहे’ असा संकेत प्राणीही एकमेकांना देतात. त्या संकेतामुळे खोटा चावा हा चाव्याची आठवण देतो, पण चाव्यामागचे वैर सांगत नाही. हा संकेत दोन्ही बाजूंना आधीपासून कळलेला असणे, ही खेळाची अट आहे. टोमणेबाज विनोदात चावा आधी घेतला जातो आणि समोरचा कळवळल्यावर ‘हा खेळ होता’ असे जाहीर केले जाते.

महाराष्ट्रातील लग्नविधीत या अटीचे सुंदर उदाहरण सापडते. कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, नवरदेव तो मुकाट्याने पिळू देतो आणि वर मेहुण्याला मानाची भेटही देतो. बहीण देणाऱ्या कुटुंबाच्या मनातील धास्ती आणि अधिकार या कृतीतून व्यक्त होतात. परंतु कोणी, कोणाचा, केव्हा आणि किती वेळ कान पिळायचा हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणाचा अपमान होत नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये अशा संबंधांना ‘थट्टेचे नाते’ म्हटले आणि त्यांत एकाला चेष्टेची मुभा व दुसऱ्यावर ती मनाला न लावण्याचे बंधन असते, असे दाखवून दिले. रूढीने नेमून दिलेली मुभा आणि एखाद्याने परस्पर घेतलेली मुभा यांत मात्र मोठे अंतर आहे.

विनोदातून आक्रमकता कशी वाट काढते, याचा विचार फ्रॉइड यांनी १९०५ च्या विनोदविषयक ग्रंथात केला. हेतुपूर्वक केलेल्या बोचऱ्या विनोदाला करणारा, ज्याच्यावर तो होतो तो आणि ऐकून हसणारा तिसरा, अशी तीन माणसे लागतात, हे त्यांचे निरीक्षण फार मोलाचे आहे. तिसरा हसला की अपमान हा सामुदायिक निर्णय बनतो आणि लक्ष्य झालेला माणूस एकटा पडतो. म्हणूनच असे विनोद एकांतात क्वचित आणि जेवणाच्या पंगतीत, बैठकीत किंवा नातेवाइकांच्या गोतावळ्यात अधिक होतात.

चेष्टा करणाऱ्याचा हेतू खरोखरच निर्मळ असला, तरी तो पोहोचतोच असे नाही. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, चेष्टा करणाऱ्याला स्वतःचा हेतू ठाऊक असल्यामुळे तो इतरांनाही उघड दिसत असेल असे वाटते, तर ज्याची चेष्टा झाली त्याला हेतू दिसत नाही, फक्त शब्द दिसतात. याच संशोधकाने २००५ मध्ये ई-मेलविषयी केलेल्या प्रयोगांत, लिहिलेला उपरोध वाचणाऱ्याला कळेल हा लिहिणाऱ्यांचा विश्वास प्रत्यक्षाहून बराच फुगलेला आढळला. आवाजाचा चढउतार आणि चेहरा हरवलेल्या व्हॉट्सॲपच्या काळात हा निष्कर्ष अधिकच लागू पडतो. कुटुंबाच्या गटावर एकाला उद्देशून सर्वांसाठी टाकलेला सुविचार, किंवा लांबलचक निरोपाला आलेले नुसते ‘ठीक आहे.’ हे संमती आहे की संताप, हे वाचणारा तासन्‌तास ठरवत बसतो.

खोटेपणा ऐकणाऱ्याच्या बाजूनेही असतो. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये दाखवले, की मनापासूनच्या हास्यात ओठांचे कोपरे उचलणाऱ्या स्नायूंबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो आणि तो सहजी इच्छेच्या ताब्यात येत नाही. साहेबाच्या बोचऱ्या विनोदावर कनिष्ठ कर्मचारी ओठांनी हसतो तेव्हा तो आनंद व्यक्त करीत नसतो. नोकरी सांभाळत असतो. साहेब मात्र त्या हास्याला आपल्या विनोदबुद्धीची पावती समजतो.

कोण कोणाला बोलते

येथवर आलेल्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे सत्तेची उतरंड. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जेम्स स्कॉट यांनी मलेशियातील एका खेड्याच्या अभ्यासावर आधारलेल्या १९८५ च्या ग्रंथात, कामचुकारपणा, अजाणतेपणाचा आव, पाठीमागची निंदा आणि खोटी आज्ञाधारकता यांना दुर्बलांची हत्यारे म्हटले. मराठी स्त्रियांच्या मौखिक परंपरेतही अशी हत्यारे दिसतात. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल होते आणि ती वर्षातील ठरावीक दिवसांत, फेर धरून, सर्वांच्या देखत करता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या, एक लाखाहून अधिक संख्येच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासुरवासाचे दुःख जात्याला सांगितले जाते, कारण सांगण्याजोगे दुसरे कोणी तेथे नसते. गोदाकाठच्या त्या प्राकृत नायिकेलाही खरे कारण उघड सांगण्याची सोय नव्हती. अशा बोलण्याला कपट म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल.

सत्ता एकाच घरात हात बदलते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. तरुणपणी सुनेला टोमण्यांनी वागवणारी सासू वार्धक्यात मुलाच्या मिळकतीवर आणि सुनेच्या वेळेवर अवलंबून राहू लागली, की ‘आमचं काय बाई’ हे तिचे पालुपद अधिकाराचे न राहता असहायतेचे होते. डॉक्टरकडे नेण्याची विनंती सरळ केली आणि ती नाकारली गेली, तर ते दुःख तिला सोसवणारे नसते. म्हणून ती विनंतीच करीत नाही, फक्त कण्हते. वाक्य तेच असले तरी बोलणाऱ्याचे स्थान बदलले की त्याचा अर्थ आणि नैतिक वजन दोन्ही बदलतात.

वरिष्ठाच्या टोमण्याला मात्र हा बचाव उपलब्ध नाही. त्याला स्पष्ट बोलण्याची मुभा असते; त्याला केवळ दुखावण्याचे सुख आणि सज्जनपणाची प्रतिमा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. भारतीय कायद्याने ही पळवाट काही ठिकाणी बंद केली आहे. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायद्यातील व्याख्येत चिडवणे आणि खोड्या काढणे यांचाही समावेश आहे, त्यामुळे ‘फक्त मजा केली’ एवढ्याने तेथे सुटका होत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने अपमान, उपहास आणि विशेषतः मूल किंवा मुलगा नसल्यावरून केलेली हेटाळणी शाब्दिक व भावनिक छळात गणली आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळासंबंधीच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक सूचकता असलेली शेरेबाजी समाविष्ट आहे. या तिन्ही कायद्यांनी बोलणाऱ्याने आपल्या बोलण्याला दिलेले नाव बाजूला ठेवून त्या बोलण्याचे स्वरूप आणि त्याने झालेली इजा यांकडे पाहिले आहे.

सरळ बोलण्याची सोय

कायद्यापर्यंत न जाणाऱ्या रोजच्या प्रसंगांत ऐकणाऱ्याला दोन मार्ग खुले असतात. प्रतिटोमणा हा त्यांतील सोपा मार्ग आहे आणि तो भांडण लांबवतो. दुसरा मार्ग गर्भितार्थाला उजेडात आणण्याचा: ‘माझ्या उशिरा येण्याचा राग आला आहे का? तसे असेल तर बोलू या’ असा शांत प्रश्न विचारला, की बोलणाऱ्याला आपले म्हणणे एक तर मांडावे लागते किंवा सोडून द्यावे लागते. पंक्तीतल्या तिसऱ्याकडेही मोठी शक्ती असते, कारण त्याने न हसण्याचे ठरवले तर बोचरा विनोद जागीच विरतो. बोलणाऱ्यासाठी मार्शल रोझेनबर्ग यांनी ‘अहिंसक संवादा’त सुचवलेला क्रम उपयुक्त आहे: काय घडले ते शेरा न मारता सांगावे, त्याने काय वाटले ते सांगावे, कशाची गरज आहे ते सांगावे आणि मग नेमकी विनंती करावी. ‘राणीसाहेब उठल्या वाटतं’ याऐवजी ‘सकाळचे सगळे काम माझ्यावर पडते आणि मी थकते, उद्यापासून डबे तू भरशील का?’ हे वाक्य लांब आहे, पण त्याला हो किंवा नाही असे उत्तर देता येते.

हे सारे उपाय एका गोष्टीवर अवलंबून आहेत, आणि ती म्हणजे ‘नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याची वरच्या माणसाची तयारी. ज्या कचेरीत ‘हे काम शुक्रवारपर्यंत होणार नाही’ असे म्हणणाऱ्याला कामचोर ठरवले जाते, तेथे ‘बघतो’, ‘करतो’, ‘होऊन जाईल’ ही उत्तरे येतच राहणार आणि शुक्रवारी काम झालेले नसणार. ज्या घरात सुनेने ‘आज मला जमणार नाही’ म्हटले की ते माहेरच्या संस्कारांवर जाते, तेथे भांडी आपटण्याचा आवाज थांबणार नाही. कनिष्ठाचा टोमणा हे व्यवस्थेचे लक्षण आहे, तर वरिष्ठाचा टोमणा हा त्याचा स्वतःचा दोष आहे. त्यामुळे सरळ बोलण्याचा उपदेश खालच्या माणसाला करण्याआधी वरच्याने स्वतः गमतीच्या आडून बोलणे थांबवावे आणि त्याच्या हाताखालच्या माणसाला शिक्षेच्या भीतीवाचून नकार देता येईल एवढी सोय करावी. सुरुवात करण्याची जबाबदारी त्याचीच आहे.